दिवाळीचा फराळ, दोन जीव आणि वजनाचा काटा

वसुबारस जवळ आली की माझ्या ओपीडीत एक प्रश्न रोज चार-पाच वेळा तरी येतो. "मॅडम, फराळ खाल्ला तर चालेल ना?" विचारणारी बहुतेक वेळा सहाव्या-सातव्या महिन्यातली असते. तिच्या एका बाजूला सासूबाई बसलेल्या असतात. त्या म्हणतात, "अगं खा, आता दोन जीव आहेत." दुसऱ्या बाजूला आई असते. ती हळूच म्हणते, "जपून खा गं, बाळ फार मोठं झालं तर सिझर होईल."

दोघींचीही माया खरी असते, आणि दोघीही आपल्या मनाने काही सांगत नसतात. "भरपूर खा" आणि "कमी खा" या दोन्ही सल्ल्यांमागे मोठा इतिहास आहे. त्या इतिहासात आम्ही डॉक्टर मंडळी बऱ्याचदा चुकलोही आहोत. आज तोच इतिहास तुम्हाला सांगणार आहे, कारण तो कळला की ताटात काय आणि किती घ्यायचं हे ठरवणं सोपं जातं.

आधी माझी चूक सांगते. काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतरच्या आठवड्यात एक मुलगी तपासणीला आली. सातवा महिना संपत आला होता. महिन्याभरात वजन साडेतीन किलोने वाढलं होतं. बाहेर गर्दी होती. मी काट्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अगं, काय हे! एवढं वाढून कसं चालेल?" बस्, इतकंच. काय खातेस, किती खातेस, काही विचारलं नाही. तीन आठवड्यांनी ती परत आली तेव्हा वजन दीड किलोने उतरलं होतं आणि चेहरा ओढलेला होता. रात्रीचं जेवण तिने बंद केलं होतं, सकाळी नुसता चहा घेत होती. लघवीत कीटोन आले होते आणि सोनोग्राफीत बाळाची वाढ थोडी मागे दिसत होती. ती वाढ तिच्या उपाशी राहण्यामुळेच मागे पडली, असं मी खात्रीने म्हणणार नाही. पण ती उपाशी राहिली ती माझ्या एका वाक्यामुळे, हे मात्र खरं. तिची पुढची गोष्ट शेवटी सांगते.

डोहाळे म्हणजे दुसरं हृदय

"दोन जिवांची" हा शब्दप्रयोग फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत म्हटलं आहे की चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, म्हणून ती स्त्री दोन हृदयांची, म्हणजे 'दौहृदिनी' होते. तिची इच्छा ही पोटातल्या बाळाचीही इच्छा मानली जाई आणि ती पुरवावी असं सांगितलेलं होतं. आपला 'डोहाळे' हा शब्द याच कुळातला. चरकसंहितेत तर महिन्यागणिक आहार दिला आहे. त्यात दूध, मध, लोणी आणि तूप पुन्हा पुन्हा येतात.

ज्या काळात अन्नाची खात्री नव्हती आणि घरातली सून सगळ्यांत शेवटी जेवायची, त्या काळात या कल्पनेने एक चांगलं काम केलं. निदान काही महिने तरी तिच्या ताटाकडे घराचं लक्ष गेलं. सातव्या महिन्यातलं डोहाळजेवण हा त्याचाच सोहळा.

पण त्याच घरांमध्ये उलट सल्लाही नांदत होता. "जास्त खाल्लं तर बाळ मोठं होईल आणि अडेल" ही समजूत भारताच्या अनेक भागांत आजही आढळते. तिला अडाणी म्हणून हसू नका. घरात सुईणीच्या हातून बाळंतपण व्हायचं, जवळ दवाखाना नसायचा, तेव्हा अडलेलं बाळंतपण म्हणजे आई आणि बाळ दोघांचाही मृत्यू असू शकत होता. लहान बाळ सुखरूप बाहेर येईल, हा त्या भीतीतून निघालेला हिशोब होता.

हॅम्बर्गचा डॉक्टर आणि 'कमी खा'

हाच हिशोब १८८९ साली एका जर्मन डॉक्टरने कागदावर मांडला. हॅम्बर्गच्या लुडविग प्रोखोव्निक यांच्याकडे अशा स्त्रिया येत, ज्यांचं ओटीपोटाचं हाड लहानपणीच्या मुडदूसामुळे आखडलेलं असे. सिझेरियन तेव्हा फार धोक्याचं होतं. म्हणून त्यांनी शेवटच्या काही आठवड्यांसाठी पाणी कमी, भात-ब्रेड-बटाटा-साखर कमी आणि मांस-अंडी जास्त असा आहार सुचवला. उद्देश एकच, बाळ लहान राहावं. अगदी थोड्या स्त्रियांच्या अनुभवावर हा आहार उभा होता. पण तो वैद्यकीय जगात पसरला आणि ज्यांच्या हाडात काही दोष नव्हता त्यांनाही लागू झाला.

विसाव्या शतकात याला दुसरं कारण जोडलं गेलं. गर्भारपणात बीपी वाढणं, अंगावर सूज येणं आणि झटके येणं या आजाराला तेव्हा 'टॉक्सिमिया' म्हणत. आज आपण प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतो. पहिल्या महायुद्धात जर्मनीत अन्नटंचाई असताना झटक्यांचं प्रमाण घटल्याची निरीक्षणं प्रसिद्ध झाली. शिवाय या आजारात अंगात पाणी साठून वजन भराभर वाढतं. डॉक्टरांनी यातून उलटा अर्थ काढला. वजन वाढतं म्हणून आजार होतो, तेव्हा वजनच वाढू देऊ नका!

त्यानंतर कित्येक दशकं अमेरिकेत गर्भवतीचं वजन १५ ते २० पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे ७ ते ९ किलोंपेक्षा जास्त वाढू नये असा दंडक होता. बायका काट्यावर उभ्या राहायच्या आणि बोलणी खायच्या. १९५०-६० च्या दशकांत तर काहींना भूक मारणाऱ्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्याही दिल्या गेल्या. बीपीचा आजार यामुळे टळला नाही. आज आपल्याला माहीत आहे की सूज आणि अचानक वाढलेलं वजन हे त्या आजाराचं लक्षण असू शकतं. जेवण तोडून तो बरा होत नाही.

मी त्या मुलीला जे बोलले, ते याच परंपरेतलं होतं.

हॉलंडचा भुकेचा हिवाळा

कमी खाल्ल्याने काय होतं, हे जाणूनबुजून कोणी तपासू शकत नाही. पण युद्धाने ते करून दाखवलं. १९४४ च्या हिवाळ्यात नाझी सैन्याने पश्चिम हॉलंडची रसद रोखली. ॲमस्टरडॅममध्ये नोव्हेंबरच्या शेवटी माणशी दिवसाचा शिधा १००० कॅलरींच्या खाली गेला आणि पुढचे काही महिने तो ४०० ते ८०० च्या दरम्यान राहिला. गर्भवतींना सुरुवातीला थोडा जादा शिधा मिळत होता. टंचाई शिगेला पोचल्यावर तोही देता येईना. लोकांनी ट्यूलिपचे कंद आणि साखरेचं बीट उकडून खाल्लं. मे १९४५ मध्ये सुटका झाली आणि अन्न पुन्हा मिळू लागलं.

दवाखान्यांच्या नोंदी नीट राहिल्या होत्या. त्यावरून पुढे दोन गोष्टी कळल्या. शेवटच्या तीन महिन्यांत उपासमार झालेल्या आयांची बाळं सरासरी ३०० ग्रॅमने हलकी जन्मली. दुसरी गोष्ट जास्त विचार करायला लावणारी आहे. ज्या आयांनी सुरुवातीचे महिने उपासमारीत काढले आणि नंतर पोटभर खाल्लं, त्यांची बाळं जन्मताना साधारण नेहमीच्या वजनाची होती. पण तीच बाळं पन्नाशीला पोचली तेव्हा त्यांच्यात हृदयविकार जास्त आढळला. म्हणजे बाळाचं जन्माचं वजन ठीक असलं म्हणून सगळं ठीक, असं नसतं.

साडेबारा किलो कुठून आले?

मग वजन वाढावं तरी किती? स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनचे फ्रँक हिटन आणि इसाबेला लीच यांनी हा प्रश्न सरळ हाताळला. खाण्यावर कसलंही बंधन नसलेल्या निरोगी स्त्रियांचं वजन किती वाढतं, याचा त्यांनी अभ्यास मांडला. १९६४ साली त्यांचं पुस्तक आलं. उत्तर होतं सरासरी १२.५ किलो.

हे वजन जातं कुठे, तेही त्यांनी मोजून दाखवलं. मी ते पेशंटला कागदावर लिहून देते, कारण आकडे पाहिले की भीती जाते:

– बाळ: सुमारे ३.४ किलो (त्यांच्याकडचं, आपल्याकडे बहुधा कमी)
– वार: ६५० ग्रॅम
– गर्भजल: ८०० ग्रॅम
– गर्भाशयाची वाढ: जवळपास १ किलो
– स्तन: ४०० ग्रॅम
– वाढलेलं रक्त: सुमारे दीड किलो
– अंगातलं जादा पाणी: सुमारे दीड किलो
– चरबीचा साठा: सव्वातीन किलोच्या आसपास

शेवटची चरबी पाहून दचकू नका. ती बाळंतपणानंतर अंगावर पाजण्यासाठी शरीराने बांधलेली शिदोरी आहे. १९७० साली अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने जुना दंडक मोडला आणि २० ते २५ पौंड वाढ योग्य ठरवली. १९९० मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने आणखी शहाणपणाची गोष्ट केली. सगळ्यांना एकच आकडा लावायचा नाही, गरोदर होण्याआधीचा बीएमआय पाहायचा. २००९ मध्ये सुधारलेले आकडे असे आहेत:

– बीएमआय १८.५ पेक्षा कमी: १२.५ ते १८ किलो
– १८.५ ते २४.९: ११.५ ते १६ किलो
– २५ ते २९.९: ७ ते ११.५ किलो
– ३० किंवा जास्त: ५ ते ९ किलो

आपल्या शरीरात चरबी लवकर साठते, म्हणून भारतात २३ च्या पुढच्या बीएमआयलाच जादा वजन धरतात. शिवाय आपल्याकडच्या अनेक मुली उंचीने लहान आणि बारीक चणीच्या असतात. त्यामुळे वरचे आकडे दगडावरची रेघ समजू नका. तुमच्यासाठी किती, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

परळची गिरणी आणि पुण्याजवळची सहा गावं

आतापर्यंत आपण 'किती' बद्दल बोललो. 'काय' हा धडा मात्र जगाला महाराष्ट्राने दिला, आणि तो आपल्यालाच फारसा माहीत नाही.

१९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांचं काम चाले. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना होणारा भयंकर पंडुरोग त्या अभ्यासत होत्या. यात रक्तातल्या पेशी आकाराने मोठ्या होत, आणि कित्येक बायका त्यात दगावत. कारण शोधताना विल्स यांचं लक्ष या बायकांच्या ताटाकडे गेलं. त्यात भाज्या-फळं जवळपास नव्हतीच. आधी उंदीर आणि माकडांवर, मग पेशंटवर त्यांनी यीस्टचा अर्क, म्हणजे मार्माइट, वापरून पाहिला आणि रक्त सुधारू लागलं. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कातलं अज्ञात द्रव्य 'विल्स फॅक्टर' म्हणून ओळखलं गेलं. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून ते वेगळं काढलं आणि त्याचं नाव पडलं फॉलिक ॲसिड. तुम्ही रोज घेता ती गोळी परळच्या गिरणी कामगार बायकांची देणगी आहे. घेताना एकदा त्यांची आठवण काढा, आणि विसरू नका.

दुसरा अभ्यास पुण्याचा. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. या शेतकरी घरातल्या बायका. सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास, दिवसभर राबणं, आणि बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. पण कातडीखालची चरबी मोजली तेव्हा आपली बाळं स्नायूंनी कमी आणि चरबीने त्या मानाने भरलेली निघाली. दिसायला किरकोळ, आत मेद. पुढच्या आयुष्यातल्या डायबेटीसची तयारी तिथेच सुरू होते की काय, असा प्रश्न यातून उभा राहिला.

याच गावांत आणखी एक गोष्ट दिसली. ज्या आया पालेभाज्या, फळं आणि दूध वरचेवर घेत होत्या त्यांची बाळं वजनाने जास्त भरली. आणि ज्या फार कष्टाची कामं करत होत्या त्यांची कमी. पुढे मुंबईच्या झोपडपट्ट्यांत पालेभाज्या, फळं आणि दूध घालून केलेला एक खाऊ बायकांना गरोदर राहण्याआधीपासून रोज देऊन पाहिला. बाळांच्या वजनात सरसकट मोठा फरक पडला नाही. मात्र गरोदरपणातला डायबेटीस जवळपास १२ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आला.

सणाचे दिवस

आता दिवाळीकडे येऊ. सणात वजन किती वाढतं, याचा अमेरिकेतला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. १९५ प्रौढांची वजनं थँक्सगिव्हिंग ते नववर्ष या काळात पाहिली. सरासरी वाढ निघाली अवघी ३७० ग्रॅम, लोकांना वाटतं त्यापेक्षा खूप कमी. पण ती नंतरच्या महिन्यांत उतरली नाही, ही त्यातली मेख. हे गर्भवतींचे आकडे नव्हते. तरी धडा आपल्यालाही लागू आहे. दोन दिवसांच्या लाडवाने काही बिघडत नाही. दिवाळीचे डबे तुळशीच्या लग्नापर्यंत उघडे राहतात, तिथे बिघडतं.

'दोन जिवांचं' म्हणजे दुप्पट नव्हे. आपल्या राष्ट्रीय शिफारशीनुसार गर्भवतीला दिवसाला सुमारे ३५० कॅलरी जादा लागतात. म्हणजे एक भाकरी आणि वाटीभर उसळ. मध्यम आकाराच्या दोन बेसन लाडवांतही जवळपास तेवढ्या कॅलरी मिळतात, पण पुरेशी प्रथिनं, लोह आणि भाजी मात्र मिळत नाही.

दुसरं टोक म्हणजे उपास. शिकागोचे नॉर्बर्ट फ्रायंकेल यांनी दाखवलं की गरोदरपणात शरीर उपाशी अवस्थेत नेहमीपेक्षा लवकर जातं. रात्रीच्या जेवणानंतर सकाळचा नाश्ता चुकला तरी साखर उतरते आणि कीटोन वाढतात. याला त्यांनी 'वेगवान उपासमार' असं नाव दिलं. म्हणून निर्जळी हरतालिका किंवा नऊ दिवसांचे कडक उपास गरोदरपणात करू नका. व्रत पुढच्या वर्षीही करता येतं.

या दिवाळीत एवढं सांभाळा:

१. फराळ जेवणाच्या जागी नको. सकाळी पोटभर नाश्ता करा, आणि फराळाचा एखादाच गोड व एखादाच तिखट पदार्थ त्यानंतर बशीत काढून घ्या. डब्यातून थेट खाऊ नका.

२. रोज एक पालेभाजी, एक फळ, दोन वेळा वरण किंवा उसळ आणि दूध-दही-ताक हवंच. अंडी, मासे चालत असतील तर नीट शिजवून जरूर घ्या.

३. शाकाहारी असाल तर बी-१२ बद्दल डॉक्टरांना विचारा. पुण्याच्या अभ्यासात याची कमतरता फार मोठ्या प्रमाणात आढळली होती.

४. जेवण सोडू नका. आदल्या दिवशी जास्त खाल्लं म्हणून दुसऱ्या दिवशी उपाशी राहणं तर अजिबात नको.

५. फराळ करायला तासन्‌तास उभ्या राहू नका. आलेल्या पाहुण्यांनाही हे सांगायला लाजू नका.

६. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं सावकाश चाला, जर डॉक्टरांनी विश्रांती सांगितली नसेल तर.

७. २४ ते २८ आठवड्यांतली शुगरची तपासणी दिवाळी आहे म्हणून पुढे ढकलू नका. शुगर आधीच वाढलेली असेल तर फराळाचं गणित वेगळं, ते डॉक्टरांशी बसून ठरवा.

८. आठवड्यात एकदम किलो-दीड किलो वजन वाढलं, चेहऱ्यावर-हातांवर सूज आली, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा पोटात वरच्या बाजूला दुखलं, तर दोष लाडवाला देत घरी बसू नका. लगेच बीपी तपासून घ्या, मग लक्ष्मीपूजनाचा दिवस का असेना.

आता त्या मुलीची गोष्ट पुरी करते. त्या दिवशी मी तिची माफी मागितली. मग आम्ही दोघींनी बसून तिचं दिवसाचं खाणं लिहून काढलं. दिवाळीत तिने फराळ खाल्ला होता हे खरं, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की माहेरी-सासरी पाहुणे असल्याने तिला पंधरा दिवस धड वेळेवर जेवणच मिळालं नव्हतं. भूक लागली की चिवडा आणि लाडू. तिच्या सासूबाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "मला वाटलं डॉक्टरांनीच खाऊ नको म्हणून सांगितलंय." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतः तिचं ताट आधी वाढायला सुरुवात केली. बाळ २ किलो ४०० ग्रॅमचं झालं, वेळेवर आणि ठणठणीत. आता ते शाळेत जातं.

त्या दिवसापासून मी एक नियम पाळते. काट्यावरचा आकडा वाचल्यावर काही बोलण्याआधी विचारायचं, "काल दिवसभर काय खाल्लंस?" तुमचे डॉक्टर विचारायला विसरले, तर तुम्ही आपण होऊन सांगा.

दिवाळीच्या शुभेच्छा. लाडू खा, पण आधी जेवा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमची प्रकृती, आजार आणि तपासण्या लक्षात घेऊन सल्ला तुमचे डॉक्टरच देऊ शकतात.)